बाळाच्या डोक्यात पाणी : वाट परदेशाची की सोलापूरची?

सोनोग्राफी करून बाई बाहेर येते. हातात कागद असतो, कागदावर इंग्रजीत एक लांबलचक शब्द असतो. डॉक्टर एवढेच सांगतात, ‘बाळाच्या डोक्यात पाणी दिसतंय. मोठ्या दवाखान्यात दाखवा.’ घरी येईपर्यंत ही बातमी गल्लीभर झालेली असते. सासूबाई म्हणतात, ग्रहणात हिने विळी धरली होती. शेजारीण अंगारा आणून देते. मग कुणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवतो. परदेशातल्या दवाखान्यात पोटातल्या बाळाचे ऑपरेशन करतात, असे त्यात दिसते. त्या रात्री घरात हिशेब सुरू होतो. अर्धा एकर विकला तर किती येतील? पासपोर्ट कुठे निघतो? कोणत्या साहेबाची ओळख लागेल?

लेकरासाठी जीव टाकणाऱ्या आईबापाला हसू नये. पण हिशेब करण्याआधी माहिती घ्यावी. डोक्यात पाणी झालेल्या बाळाच्या बाबतीत सर्वांत महाग पडतो तो वाया गेलेला वेळ. चुकीच्या वाटेवर गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. तुळजापूर आणि आसपासच्या वस्त्यांतील माता-भगिनींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी म्हणूनच हा लेख.

डोक्यात पाणी म्हणजे काय?

आपल्या सर्वांच्याच मेंदूत पाणी असते. मेंदूच्या आत चार पोकळ्या आहेत. तिथे हे स्वच्छ पाणी तयार होते, मेंदू आणि मणक्याभोवती फिरते आणि शेवटी रक्तात जिरते. मोठ्या माणसाच्या डोक्यात दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी तयार होते आणि तेवढेच जिरते. हौदात पाणी येत राहिले आणि बाहेर जाणारी मोरी तुंबली तर काय होईल? तेच इथे होते. पाणी साचते, पोकळ्या फुगतात, मेंदूवर दाब येतो. बाळाच्या कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात, त्यामुळे डोके मोठे होत जाते. याला हायड्रोसेफॅलस म्हणतात, मराठीत जलशीर्ष.

मोरी तुंबण्याची कारणे वेगवेगळी असतात. कधी मेंदूतला अरुंद मार्गच नीट तयार होत नाही. कधी मणक्याचा कणा पाठीवर उघडा राहतो. त्याला स्पायना बायफिडा म्हणतात आणि अशा बहुतेक बाळांच्या डोक्यात पाणी साचते. कधी गरोदरपणात झालेला एखादा जंतुसंसर्ग, कधी मेंदूतला रक्तस्राव, तर कधी आनुवंशिक दोष कारण असतो. ग्रहण, विळी, नजर, करणी यांतले काहीही कारण नसते.

रिपोर्टवरचा आकडा वाचा

सोनोग्राफीत डॉक्टर मेंदूतल्या पोकळीची रुंदी मोजतात. रिपोर्टवर ती मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. १० मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे ठीक. १० ते १२ म्हणजे सौम्य. १३ ते १५ म्हणजे मध्यम. १५ च्या वर म्हणजे गंभीर.

हा आकडा विचारून घ्या, कारण सगळ्या ‘पाण्या’ची गोष्ट एक नसते. रुंदी १० ते १२ असेल आणि बाळात दुसरा कोणताही दोष नसेल, तर अशा दहांपैकी नऊहून अधिक बाळांची वाढ पुढे नेहमीसारखी होते. काहींच्या पोकळ्या तर जन्माआधीच पूर्ववत होतात. अशा घराला जमीन विकायची नसते. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची असते.

आकडा मोठा असेल तर पुढचे प्रश्न येतात. पाठीचा कणा बंद आहे का? हृदय, मूत्रपिंडे, हातपाय नीट आहेत का? जंतुसंसर्गासाठी आईच्या रक्ताची तपासणी झाली का? गर्भजलाची तपासणी करायला हवी का? गर्भाचा एमआरआय लागेल का? या उत्तरांवर बाळाचे पुढचे आयुष्य पुष्कळसे अवलंबून असते. पाणी किती आहे यापेक्षा ते कशामुळे आहे, हे अधिक महत्त्वाचे.

हे सगळे समजण्याची योग्य वेळ म्हणजे १८ ते २० आठवडे, म्हणजे पाचवा महिना. तेव्हा करायच्या सविस्तर सोनोग्राफीला ॲनोमली स्कॅन म्हणतात. आपल्या भागात नेमकी हीच सोनोग्राफी चुकते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली बाई पाचव्या महिन्यात कुठल्या तरी फडावर असते. परत येते तेव्हा आठवा लागलेला असतो. म्हणून गाव सोडताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात ते दाखवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. ती तारीख फडावरही लक्षात ठेवा.

परदेशात नेमके काय होते?

आता त्या व्हिडिओकडे येऊ. पोटातल्या बाळाच्या डोक्यातले पाणी काढण्याचा प्रयत्न अमेरिकेत खरोखर झाला होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्व्हर शहरातल्या डॉक्टरांनी गर्भाच्या डोक्यात बारीक नळी घालून पाणी गर्भजलात सोडून पाहिले. इतरही काही ठिकाणी असे प्रयत्न झाले. सगळ्यांचे निकाल एकत्र करून पाहिले तेव्हा निराशा झाली. नळ्या तुंबत, सरकत. काही बाळे उपचारातच दगावली. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना गंभीर अपंगत्व राहिले, कारण मेंदूत इतर दोष होते आणि त्या काळच्या सोनोग्राफीत ते दिसले नव्हते. त्या दशकातच डॉक्टरांनी हा उपचार थांबवला. अलीकडे काही संशोधक नव्या पद्धतीने पुन्हा प्रयत्न करत आहेत, पण तो प्रयोग आहे. पैसे भरले की हमखास मिळेल, असा हा उपचार जगात कुठेच नाही.

मग व्हिडिओत दिसते ते काय? ते बहुधा स्पायना बायफिडाचे ऑपरेशन असते. त्यात आईचे पोट आणि गर्भाशय उघडून बाळाच्या पाठीवरचा उघडा कणा शिवतात. या ऑपरेशनची मोठी चाचणी अमेरिकेतल्या तीन केंद्रांवर झाली आणि २०११ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मानंतर ऑपरेशन झालेल्या बाळांपैकी ८२ टक्के बाळांना पहिल्या वर्षात डोक्यातले पाणी काढण्यासाठी नळीची गरज पडली. पोटातच ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण ४० टक्के होते. फायदा मोठा होता, पण किंमतही होती. पोटात ऑपरेशन झालेल्या दहांपैकी जवळपास आठ बाळांचा जन्म मुदतीआधी झाला. आईच्या गर्भाशयावर कायमचा व्रण राहिला, त्यामुळे पुढची बाळंतपणे सिझेरियननेच करावी लागतात.

शिवाय हे ऑपरेशन २६ आठवडे पुरे होण्याआधीच करावे लागते. ते जगातल्या मोजक्या केंद्रांवर होते आणि प्रत्येक बाळ त्यात बसत नाही. पाठीचा कणा बंद असलेल्या, नुसते डोक्यात पाणी असलेल्या बाळासाठी ते नाहीच. सातव्या-आठव्या महिन्यात दोष कळलेल्या आईसाठी ते दार बंद झालेले असते. त्यात महिने भरत आले की विमान कंपन्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात आणि शेवटच्या आठवड्यांत गरोदर बाईला विमानात घेतही नाहीत.

तरीही मनात शंका राहिली, परदेशातल्या डॉक्टरांचे मत हवेच असे वाटले, तर आधी रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी आपल्या डॉक्टरांमार्फत पाठवा. तिकडून ‘होय, उपयोग होईल’ असे लेखी आल्याशिवाय कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका. व्हिसा, दवाखाना, राहणे असे सगळे ‘पॅकेज’ करून देतो म्हणणाऱ्या दलालापासून चार हात दूर राहा.

एका बापाने केलेली झडप

खरा उपचार बाळ जन्मल्यावर होतो. डोक्यातल्या पोकळीतून एक बारीक मऊ नळी निघते. ती कानामागून, मानेच्या आणि छातीच्या कातडीखालून पोटात सोडतात. जास्तीचे पाणी पोटात उतरते आणि शरीरात जिरते. बाहेरून काही लोंबत नाही. या नळीला शंट म्हणतात. तिच्यात एक झडप असते. ती पाणी एकाच दिशेने आणि बेताने जाऊ देते.

ही झडप कशी आली, ते आपल्या तरुणांनी जाणून घ्यावे. जॉन होल्टर हा अमेरिकेत कुलपांच्या कारखान्यात काम करणारा तंत्रज्ञ. १९५५ साली त्याला मुलगा झाला. उघडा मणका, डोक्यात पाणी. तेव्हाच्या नळ्या वारंवार तुंबत. होल्टर डॉक्टर नव्हता. पण पाणी, दाब आणि झडप हे त्याचे रोजचे काम होते. डॉक्टरांशी बोलून त्याने घरच्या कार्यशाळेत सिलिकॉनची झडप तयार केली आणि १९५६ मध्ये ती रुग्णांत वापरली जाऊ लागली. त्याचा स्वतःचा मुलगा पुढे पाचव्या वर्षी गेला. पण त्याच्यासाठी सुरू केलेल्या कामातून जगभरची असंख्य लेकरे वाचली.

तीच विद्या आपल्या देशातही वाढली. दिल्लीच्या एम्समधील डॉ. उपाध्याय यांनी स्वतःची झडप तयार केली. उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला तयार होणारा ‘छाब्रा शंट’ आज अनेक देशांत जातो. आफ्रिकेत युगांडामधील एम्बाले शहरात लहान मुलांच्या मेंदूचे एक रुग्णालय आहे. तिथे डॉ. बेंजामिन वॉर्फ या अमेरिकन सर्जनने हा भारतीय शंट आणि अमेरिकन शंट शेजारी शेजारी तपासून पाहिले. भारतीय शंटची किंमत सुमारे ३५ डॉलर, अमेरिकन शंटची सुमारे ६५० डॉलर. वर्षभरानंतर दोन्ही गटांतल्या मुलांच्या परिणामात फरक आढळला नाही. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे आपण परदेशात शोधायला निघतो ती वस्तू आपल्याच देशातून परदेशात जाते.

त्याच युगांडात वॉर्फ यांनी दुर्बिणीच्या ऑपरेशनची पद्धत पुढे नेली. मेंदूतल्या पोकळीच्या तळाला दुर्बिणीतून छिद्र करून पाण्याला नवी वाट देतात आणि पाणी तयार करणारा काही भाग जाळतात. त्यामुळे काही बाळांना नळीची गरजच पडत नाही. खेड्यातल्या गरीब आईला नळी बिघडल्यावर पुन्हा पुन्हा दवाखाना गाठता येत नाही, हे लक्षात घेऊन त्यांनी हे केले. पुढे ही पद्धत अमेरिकेतल्या मुलांसाठीही वापरली जाऊ लागली. दुर्बिणीचे ऑपरेशन भारतातही होते. मात्र कोणत्या बाळाला नळी आणि कोणाला दुर्बीण, हे वय आणि कारण पाहून सर्जनच ठरवतात.

शंटचा दवाखाना जवळ हवा

परदेशाचा विचार करणाऱ्या घराला एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. शंट बसवला म्हणजे विषय संपला, असे होत नाही. लहान मुलांना बसवलेल्या शंटपैकी जवळपास निम्मे पहिल्या दोन वर्षांतच कुठेतरी बिघडतात. नळी तुंबते, सुटते, तिला जंतुसंसर्ग होतो. मूल उंच झाले की नळी तोकडी पडते. बिघडलेला शंट दुरुस्त होतो, पण तो वेळेवर दुरुस्त व्हावा लागतो. उशीर झाला तर जीव जाऊ शकतो.

समजा, जमीन विकून बाळाला परदेशात शंट बसवून आणला. सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता बाळाला उलट्या सुरू झाल्या. तेव्हा कुठे जाणार? त्या वेळी उपयोगी पडतो तो एसटीच्या किंवा ॲम्ब्युलन्सच्या अंतरावरचा सर्जन. त्याला आपले बाळ माहीत असते, त्याच्याकडे बाळाची फाईल असते. तुळजापूरहून सोलापूर साधारण ४५ किलोमीटर आहे. हा उपचार वर्षानुवर्षे चालायचा आहे. त्यात हे अंतर फार मोलाचे आहे.

शंट बसवलेल्या मुलात पुढील लक्षणे दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठा :
• वारंवार उलट्या. त्याला ‘पित्त झालं’ म्हणून घरी बसू नका.
• टाळू फुगून घट्ट होणे, डोके पुन्हा वाढणे.
• सतत रडणे किंवा उलट सुस्त पडून राहणे, दूध न पिणे.
• डोळ्यांची बुबुळे खाली झुकलेली राहणे.
• ताप, नळीच्या मार्गावर सूज, लाली किंवा पू.
• शाळेत जाणाऱ्या मुलात सकाळी डोके दुखणे, अभ्यासात अचानक मागे पडणे.

शंट कोणत्या दिवशी, कोणत्या दवाखान्यात आणि कोणत्या कंपनीचा बसवला, याची चिठ्ठी घरात दर्शनी जागी ठेवा. एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

तुळजापूरहून वाट कशी काढाल?

पहिले पाऊल. रिपोर्ट घेऊन आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना भेटा आणि तुळजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. तिथून धाराशिवला किंवा सोलापूरला संदर्भ चिठ्ठी घ्या. धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सोलापूरला डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. त्यालाच आपण ‘सिव्हिल’ म्हणतो. लातूरलाही शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे.

दुसरे पाऊल. बाळ जन्मायच्या आधीच मेंदूच्या सर्जनला भेटा. ही भेट बहुतेक घरे चुकवतात. स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन या तिघांचे मत आधी मिळाले तर बाळंतपण कुठे आणि कसे करायचे ते ठरते. डोके फार मोठे असेल तर सिझेरियन लागू शकते. बाळंतपण घरी किंवा छोट्या दवाखान्यात नको. नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग असेल तिथेच व्हावे.

तिसरे पाऊल. सोलापुरात काम भागले नाही तर पुण्याचे ससून आहे. मुंबईत केईएम, जेजे, नायर आणि सायन ही मोठी सरकारी-पालिका रुग्णालये आहेत. परळचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय खास लहान मुलांचेच आहे. रात्री सोलापूरला सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसले की सकाळी दादरला उतरता येते. तिथून परळ जवळ आहे. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे.

जन्मानंतर बाळाचे डोके दर आठवड्याला टेपने मोजा. टेप कपाळावरून, भुवयांच्या वर आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून घ्या. पूर्ण दिवसांच्या बाळाचे डोके साधारण ३४-३५ सेंटिमीटर असते. पहिल्या तीन महिन्यांत ते महिन्याला साधारण २ सेंटिमीटर वाढते, पुढच्या तीन महिन्यांत महिन्याला १. आठवड्यालाच एक सेंटिमीटरहून जास्त वाढू लागले तर थांबू नका. ही मोजणी अंगणवाडीताईंनाही येते. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चुकलेल्या बाळांसाठी तर ही टेप फार उपयोगी आहे.

पैसा कुठून?

शंटची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. या योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पिवळे, केशरी, पांढरे असे कोणतेही रेशन कार्ड चालते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. आधी त्याला गाठा. आपल्या जवळ कोणत्या योजनेतल्या रुग्णालयात मेंदूचे सर्जन आहेत, हे १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर विचारता येते. बाळाचे नाव अजून रेशन कार्डावर चढले नसेल तरी थांबू नका. जन्माचा दाखला आणि आईवडिलांचे कार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे जा.

सरकारी दवाखान्यातले बाळंतपण आणि आजारी तान्ह्या बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. दवाखान्यात नेणे-आणणेही मोफत आहे. त्यासाठी १०२ किंवा १०८ ला फोन करा.

खासगी पण ‘धर्मादाय’ म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. वर्षाचे उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलत. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा. दवाखान्याच्या दारात गेल्यावर तो लगेच मिळत नाही.

निर्णय आईचा

काही बाळांचा दोष फार गंभीर असतो. मेंदूच नीट तयार झालेला नसतो. अशा वेळी गर्भ ठेवायचा की नाही, हा कठीण प्रश्न येतो. या पानावरून कुणी कुणाला त्याचे उत्तर देऊ नये. पण कायदा काय म्हणतो, ते माहीत असावे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, बाळात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यानंतरही दोष मोठा असेल तर सरकारी वैद्यकीय मंडळ निर्णय देते. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. आठवा महिना उलटला होता आणि गर्भाच्या मेंदूत गंभीर दोष होता. वैद्यकीय मंडळाने नकार दिला होता. निर्णय घेण्याचा हक्क त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नाही, असे सांगून न्यायालयाने परवानगी दिली.

कायद्याला सज्ञान स्त्रीची संमती लागते. नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही लागत नाही. तिला बाळ ठेवायचे असेल तर तिच्यावर जबरदस्ती नको आणि ठेवायचे नसेल तर तिला पापी ठरवणे नको. मूल ‘नॉर्मल’ होईल का, याची हमी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. वेळेवर उपचार झालेली अनेक मुले चालतात, बोलतात, शाळेत जातात. काहींना आयुष्यभर आधार लागतो. अशा मुलाला धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र मिळते. फिजिओथेरपी आणि शाळेत प्रवेश हा त्याचा कायदेशीर हक्क आहे.

पुढच्या बाळासाठी

पाठीचा कणा गर्भ राहिल्यापासून अवघ्या २८ दिवसांत बंद होतो. तोपर्यंत अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधी सुरू करावी. रोज ४०० मायक्रोग्रॅम, तिसरा महिना संपेपर्यंत. ही गोळी उपकेंद्रात मोफत मिळते. लग्न झालेल्या प्रत्येक सुनेला आणि लेकीला हे सांगा. आधीच्या बाळाला उघड्या कण्याचा दोष असेल तर मोठा डोस लागतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या. फिट्सची गोळी चालू असेल तर मूल ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोला. काही गोळ्यांनी हा धोका वाढतो, पण गोळी मनाने बंद करू नका. डोक्यात पाणी होण्याची सगळी कारणे या गोळीने टळत नाहीत. उघड्या कण्यामुळे होणारी पुष्कळशी टळतात.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलू. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नात जन्मजात दोषांचा धोका वाढतो. अशा घरात एक बाळ दोषाचे झाले असेल तर पुढच्या वेळी आनुवंशिकतेचा सल्ला जरूर घ्या. त्यात कुणाला दोष देण्याचा प्रश्न नाही.

दोष द्यायची सवय मात्र घरातून जायला हवी. बाळाच्या डोक्यात पाणी झाले म्हणून सुनेला माहेरी पाठवणे, तिला टोमणे मारणे, हे बुद्धाचा मार्ग मानणाऱ्या घराला शोभत नाही. सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, अशी शिकवण आपल्याला मिळाली आहे. मग ग्रहणाची गोष्ट न तपासता का मानायची? आणि मोबाईलवरचा व्हिडिओ तरी का मानायचा?

बाबासाहेब आणि रमाईंनी पोटची चार लेकरे गमावली. ते दुःख सोसलेल्या बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतिणीची काळजी राष्ट्राच्या हिताची आहे, म्हणून तिचा बराचसा भार सरकारने उचलावा, असे त्यांनी मांडले. आज सिव्हिलमध्ये, आरोग्यमित्रासमोर, रेशन कार्ड हातात घेऊन उभे राहताना हे आठवावे. आपण उपकार मागत नाही, हक्क मागतो.

तेव्हा वस्तीत कुणाच्या हाती असा रिपोर्ट आला तर चार जणांनी अंगारा घेऊन जाऊ नये. एकाने आशाताईंना फोन करावा, एकाने कागदपत्रांची पिशवी भरावी, एकाने घरातल्या थोरल्या लेकरांना सांभाळावे आणि एकाने त्या आईबरोबर सोलापूरच्या एसटीत बसावे.

जय भीम!